‘वळणावर पूर्ण रस्ता वापरा’ : एका घातक सल्ल्याचा प्रतिवाद

माझ्या भाच्याला या उन्हाळ्यात गाडी चालवण्याचा परवाना मिळाला आणि आता भर पावसाळ्यात तो तीन मित्रांना घेऊन चिखलदऱ्याला निघाला आहे. नागपूरहून अमरावतीमार्गे परतवाड्यापर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट असल्यामुळे तिथवरची मला काळजी नाही. काळजी त्यापुढच्या सातपुड्याची आहे, कारण वर्धा रोडवर आणि रिंग रोडवर हात बसवलेल्या मुलाने खरा घाट आजवर मागच्या सीटवरूनच पाहिला आहे. परवा त्याने घरच्या ग्रुपवर ‘घाटात गाडी चालवण्याची ५ गुपिते’ हा संदेश टाकला आणि खाली लिहिले, ‘मामा, हे बघा, आता टेन्शन नाही.’ हा संदेश दर पावसाळ्यात कोणी ना कोणी पाठवतो आणि आजवर मी तो न वाचताच पुसून टाकत आलो. या वेळी तो ज्याच्या हाती पडला आहे तो शनिवारी स्टिअरिंगवर बसणार असल्याने मुद्देसूद उत्तर देणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वळणावर रस्त्याची पूर्ण रुंदी वापरावी, म्हणजे बाहेरच्या कडेने शिरून आतल्या कडेला चिकटावे आणि पुन्हा बाहेर पडावे. त्यासाठीच तर घाटातली वळणे मुद्दाम रुंद केलेली असतात. डाव्या वळणावर मध्यरेषेकडे सरकावे, म्हणजे पुढचे दिसते. चढणाऱ्या गाडीचा पहिला हक्क असल्याने चढताना मधून चालावे आणि हॉर्न देत राहावे. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवावे. आणि पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला की निर्धास्त ओव्हरटेक करावे.

पहिला मुद्दा इतका घातक आहे की बाकीचे चार खरे असते तरी हा संदेश पुसण्याच्याच लायकीचा ठरला असता. बाहेरून आत आणि आतून बाहेर ही शर्यतीच्या ट्रॅकवरची रीत आहे आणि तिच्यामागचे गणित बरोबर आहे : वाटेची त्रिज्या वाढते आणि गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर कमी होतो. पण ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात. घाटातल्या उजव्या वळणावर ‘आतली कड’ ही समोरून येणाऱ्याची बाजू असते, आणि वळणाच्या पोटात डोंगराची कातळभिंत असली तर तो येणारा शेवटच्या क्षणापर्यंत दिसतच नाही.

किती वेळ हाताशी असतो ते मोजून पाहावे. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या मानकांमध्ये थांबण्यासाठी लागणाऱ्या दृष्टिअंतराचा, म्हणजे वेळेत थांबता यावे म्हणून पुढे किती रस्ता दिसायला हवा याचा, तक्ता आहे. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अडीच सेकंद आणि त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंतचे अंतर असा दोन्हींचा हिशेब त्यात धरलेला असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला हे अंतर ४५ मीटर येते. एकाच पट्ट्यात समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या ताशी ४० नेच चालत असतील, तर दोघींना मिळून ९० मीटर मोकळा रस्ता लागेल. आंधळ्या वळणावर दिसतात समजा ३० मीटर, आणि दोन्ही गाड्या मिळून सेकंदाला २२ मीटर अंतर खातात. म्हणजे दीड सेकंदाच्या आत गाठ पडते, तोवर कोणाचाही पाय ब्रेकवर पोचलेला नसतो. शिवाय हा तक्ता सपाट रस्त्याचा आहे, उताराला अंतर आणखी वाढते.

जो फायदा मिळवण्यासाठी ही जोखीम घ्यायची, तो फायदा वेग कमी करून फुकट मिळतो. बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वळणाआधी ४० वरून ३० वर आले की तो जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि त्यासाठी दुसऱ्याच्या बाजूचा वीतभर रस्ताही लागत नाही.

‘रुंद केलेली वळणे’ हा तर या संदेशातला सर्वांत हास्यास्पद भाग आहे. वळणावर रस्ता रुंद केलेला असतो, हे खरे आहे. दुपदरी रस्त्याची नेहमीची रुंदी ७ मीटर धरतात आणि वळणाची त्रिज्या ४० मीटरपर्यंत असेल तर तिथे दीड मीटर वाढवून देतात. ते दीड मीटर हौशी शर्यतवीरांसाठी नसते. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग न जाता आतल्या बाजूने कापत जातात, आणि एसटीला किंवा ट्रकला ती जास्तीची जागा लागते. ती जागा अडवून बसणारा मोटारवाला एसटीच्या चालकाला समोरच्याच्या पट्ट्यात ढकलतो.

याच कारणाने दुसरा मुद्दाही अर्धाच टिकतो. डाव्या वळणावर मध्यरेषेच्या थोडे जवळ राहिल्यास नजर लांबवर जाते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. वाहन चालवण्याचे चांगले प्रशिक्षण देणारेही ते शिकवतात. मात्र ते आपल्या पट्ट्याच्या आत राहून, आणि समोरचे वाहन दिसताच डावीकडे सरकण्याच्या अटीवर शिकवतात. आपले डावे वळण हे समोरच्या एसटीचे उजवे वळण असते, त्यामुळे तिची मागची चाके कापत येतात ती नेमकी मध्यरेषेकडे. नवशिक्याने त्या वेळी रेषेला खेटून असणे म्हणजे आपला आरसा गमावणे, आणि तेही नशीब बलवत्तर असेल तर फक्त आरसाच. हेअरपिन वळणांवर, म्हणजे रस्ता जवळजवळ उलटा फिरतो तिथे, तर ही युक्ती विसरूनच जावी.

चढणाऱ्याला प्राधान्य असते, हेही खरे, पण कुठे? २०१७ चे मोटार वाहन चालवण्याविषयीचे विनियम पाहावेत. दोन गाड्या सुखरूप पार होतील एवढी रुंदी नसलेल्या डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. वाट देण्यासाठी आधी समोरचा दिसावा लागतो. त्याच विनियमांत डाव्या बाजूने चालण्याची, वळणाजवळ ओव्हरटेक न करण्याची आणि सलग पिवळा पट्टा न ओलांडण्याची सक्ती आहे. ती चढणाऱ्याला माफ केलेली नाही. हॉर्न आंधळ्या वळणावर जरूर द्यावा, पण काचा बंद, एसी चालू आणि गाणी लावलेली अशा गाडीत तो कितीसा ऐकू जातो, हे भाच्याच्याच गाडीत बसून मी अनुभवले आहे.

न्यूट्रलबद्दल जास्त लिहिण्याची गरज नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गियरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचा इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. म्हणजे बचतही होत नाही. उलट इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो आणि सतत तापलेले ब्रेक ऐन वळणावर पकड सोडू लागतात. काही जण त्याही पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. मग ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या बूस्टरची मदत दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंग दगडासारखे होते. ज्या गियरमध्ये चढलात, त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा साधा नियम या पाच गुपितांत का नाही, याचे मला नवल वाटते.

राहिला ट्रकचा इंडिकेटर. उजवा दिवा लागला म्हणजे ‘या’, असे काही चालक मानतात आणि ‘समोरून गाडी येत आहे, येऊ नका’, असे काही. पुढचा ट्रकवाला यांपैकी कोणत्या मताचा आहे, हे त्याच्या मागच्या फळीवर लिहिलेले नसते. विनियमांनुसार त्या दिव्याचा अर्थ ट्रक उजवीकडे वळणार किंवा सरकणार असा आहे, आणि उजवीकडे सरकणाऱ्या ट्रकच्या उजवीकडून जाण्याचा सल्ला देणाऱ्याने स्वतः कधी घाट चढला असेल, असे वाटत नाही.

यावर भाच्याने विचारले, ‘मग ट्रकमागे रांगतच जायचे का, मामा?’ हो, तसेच जायचे. समजा, घाटाचे वीस किलोमीटर ताशी ४० ऐवजी २० नेच चढावे लागले, तर अर्धा तास जास्त लागेल. तेवढा वेळ ही चौकडी अमरावतीला नाश्त्यालाच घालवणार आहे.