‘९८ टक्के कार्बन’ वाचून रॉड घेऊ नका

गळाने मासे पकडायला नवा रॉड घेणाऱ्या मुंबईकरांना सध्या एकच सल्ला फॉरवर्ड होतो: ‘९८ टक्के कार्बनचाच घ्या. कार्बन जितका जास्त, तितका रॉड मजबूत. फायबरग्लासचा जमाना गेला. खाऱ्या पाण्यात कार्बनच टिकतो.’ एकेक मुद्दा तपासू.

कार्बन ताठ आणि हलका असतो, हे खरं. नेहमीचा कार्बन तंतू काचतंतूच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, साधारण तिप्पट ताठ. पण तुटण्याआधी तो जेमतेम दीड ते दोन टक्के ताणतो, काचतंतू चार टक्क्यांपलीकडे जातो. म्हणून कार्बन फारसा इशारा न देता मोडतो. रॉडवरचे २४ टन, ३० टन, ४० टन हे आकडे ताठपणाचे आहेत, ताकदीचे नाहीत. जास्त टनाच्या रॉडची भिंत बहुधा पातळ ठेवतात. ती टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आपटली की वरून काही दिसत नाही, पण आत तडा जातो आणि पुढच्या जोरदार फेकीला रॉड नेमका तिथे तुटतो. मासा वर घेताना रॉड उभा करून मागे खेचला तरी हेच होतं, कारण सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो. मासा हातजाळीत घ्यावा, रॉडने उचलू नये.

टक्क्याचा आकडा तर आणखी फसवा. कार्बन कोणत्या प्रतीचा, तंतू चिकटवणारी राळ किती, गुंडाळणी कशी, यातलं काहीच त्यातून कळत नाही. काळी विणीव नक्षी नुसती वरची सजावटही असू शकते. मल्टिमीटरच्या सुया जोडाच्या रंग नसलेल्या, घासलेल्या टोकावर दाबून पाहा. वीज वाहिली तर कार्बन आहे. किती आहे, ते यातूनही कळणार नाही.

फायबरग्लासचा जमाना गेलेला नाही. बँडस्टँडच्या खडकांत ६० ते १०० ग्रॅमचं शिसं वारंवार अडकतं आणि हिसके द्यावे लागतात. तिथे १० फुटी कंपोझिट (कार्बन आणि ग्लास मिसळलेला) रॉड, टोक भरीव ग्लासचं, हेच योग्य. शेंगाळ्याची ओढ त्या टोकावर स्पष्ट दिसते. होडीतून तळाला गळ सोडायचा तर ६ फुटी ग्लास. मुलासाठी किंवा भेट द्यायलाही ग्लासच, कारण तो पडणार, दारात चेमटणार. कार्बनचे पैसे वसूल होतात ते खाडीत जिताड्यासाठी दिवसभर लूर (नकली आमिष) फेकणाऱ्याचे: ७ फूट, २४ ते ३० टन, मनगट दुखत नाही. मात्र रॉडवर छापलेल्या वजनापेक्षा जड लूर लावू नये.

खाऱ्या पाण्याने कार्बन गंजत नाही, ग्लासही नाही. गंजतात गाइडच्या, म्हणजे लाइन ज्यांतून जाते त्या कड्यांच्या, चौकटी आणि रील सीटचे (रील बसवायच्या जागेचे) धातूचे भाग. गाइडच्या कड्यांतून कापसाची काडी फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे आणि ती ब्रेडेड (विणलेली) लाइन कापणार. घरी आल्यावर जोड सुटे करून गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय कव्हरमध्ये घालू नका. टेलिस्कोपिक रॉडमधली वाळू पुसूनच तो बंद करावा, नाहीतर नळ्या घासतात आणि अडकतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्या सल्ल्यात नाहीच: कार्बनमधून वीज वाहते. खाडीकाठी डोक्यावर विजेच्या तारा असतील तर तिथे रॉड उभारू नका, आणि पावसाळ्यात गडगडाट ऐकू आला की तो आडवा ठेवून तिथून निघा.