तुरीचा कट्टा कितीले गेला होता?

आज चर्चमध्ये उपासना संपल्यावर मंडळीचे एक पंच उभे राहिले. "खजिनदारभाऊंनी माफी मागितली, मंडळीनं क्षमा केली, आता विषय बंद." बाकड्याबाकड्यांवरून आमेन आलं. डोकं फिरलं ते त्या आमेननं.

हंगामाच्या सणाला अर्पण म्हणून तूर, कापूस, भोपळे, दोन कोंबड्या आल्या. लिलाव झाला. तुरीच्या कट्ट्याची, म्हणजे पोत्याची, शेवटची बोली अख्ख्या मंडळीनं ऐकली. खजिनदारभाऊंच्या वहीत त्या ओळीवर व्हाइटनर, आणि वर भलताच आकडा.

क्षमा करा ना, कोण नाही म्हणतं? पण बायबलातला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला, तेव्हा प्रभू "राहू दे रे" म्हणाला नाही. मत्तय 18 ची 15 ते 17 वचनं घ्या. आधी एकांतात, मग एकदोघांना घेऊन, तरी ऐकलं नाही तर मंडळीपुढे. आपण पहिल्या पायरीवरच चहा पिऊन उठतो. मंडळीच्या वडिलावरच्या (पुढाऱ्यावरच्या) आरोपाला दोघातिघांची साक्ष लागते, हे 1 तीमथ्य 5:19 सगळ्यांना पाठ. त्याच्याच खालचं 20 वं, दोष सर्वांसमक्ष दाखवायचं, ते कोणी काढत नाही.

पैसा बहुतेक वेळा दानपेटीतून जातच नाही, जातो लिलावाच्या उधारीतून. "कापूस विकला की देतो" म्हणून माणूस बोली लावतो आणि दोन महिन्यांनी खजिनदाराच्या हातावर नोटा ठेवतो. पावती कोण मागते बापा! म्हणून उधारीचं पान वेगळं ठेवा, पावतीपुस्तकाशिवाय पैसे घेऊ नका. पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोन घरांत. मोजायला तिघं, एका घरचे नकोत. 500 च्या किती, 100 च्या किती, तिथंच लिहा, तिघांच्या सह्या घ्या. आकडा चुकला तर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा आणि सही. सोमवारी सगळी रक्कम बँकेत. जनरेटरचं डिझेल आधी त्यातूनच भागवलं, की हिशेब तिथंच बिघडला.

बाहेरचे बोट दाखवतात, आठ-दहा घरांच्या मंडळीला ते जड जातं. मान्य. पण "घरचं घरात ठिवा" ही सवय उद्या एखाद्या लेकराच्या लैंगिक छळाच्या बाबतीत लागली तर? तिथं एकांतात समेट नाही, पंचांची बैठक नाही, लेकराला दहादा विचारणं नाही, त्या माणसासमोर बसवणं तर नाहीच. पोक्सो 2012, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम 19 नं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. लपवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, हाताखालच्या माणसाचं दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. 1098 या लेकरांच्या मदत क्रमांकावर फोन करा. पाळकसाहेबांची परवानगी लागत नाही.

असो. खजिनदारभाऊंच्या घरची आज शेवटच्या बाकड्यावर पदर तोंडाशी धरून बसली होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. आणि भाऊंच्या एकट्याच्या हातात वर्षानुवर्षे पेटी कोणी दिली? आपणच ना? त्यांना एकट्याला फासावर चढवू नका. हप्ते बांधून द्या, पैसे येईपर्यंत वही दुसऱ्याकडे ठेवा.

पण ते पान पुढच्या रविवारी मोठ्यानं वाचा. कट्टा घेतलेल्या काकूंना आकडा अजून तोंडपाठ आहे, आज त्यांनी आमेन म्हटलं नाही.