पासष्टी आली, घाई कसली?

पासष्ट पूर्ण झाली, मेडिकेअरचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याचं, लाल-पांढरं-निळं कार्ड हातात पडलं. अभिनंदन! आता टपालातून रोज येणारी मेडिगॅपची, म्हणजे मेडिकेअरने न भरलेला वाटा उचलणाऱ्या खासगी पूरक विम्याची, चकचकीत पत्रकं एका खोक्यात टाकत जा आणि खोकं गराजमध्ये ठेवा. घाई अजिबात नको. कायदा तुम्हाला ६ महिने देतो: वय ६५ झालेलं आणि पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा भाग) सुरू झालेला, त्या महिन्यापासून पुढे ६. या काळात मेडिगॅप विकणारी कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, तब्येतीवरून जास्त हप्ताही लावू शकत नाही. बिचारीचे हात असे बांधलेले असताना तिच्याकडे जाणं सभ्य माणसाला शोभतं का? सातवा महिना उजाडू द्या. मग ती तुमची साखर, रक्तदाब, गुडघे, अँजिओप्लास्टी, सगळ्याची खोदून खोदून चौकशी करील. या वयात इतकी विचारपूस करणारं आता उरलंय तरी कोण? (न्यूयॉर्क किंवा कनेक्टिकटमध्ये राहत असाल तर हा आनंद तुमच्या नशिबी नाही. तिथे कंपन्यांना वर्षभर दार उघडं ठेवावं लागतं.)

‘दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर बदलता येतं की!’ असं कुणी गणपतीच्या जेवणात सांगितलं तर मान डोलवा. ती मुदत अॅडव्हांटेजची (खासगी कंपनीमार्फत घ्यायच्या मेडिकेअरची) आणि औषधांच्या पार्ट डीची, मेडिगॅपचा तिच्याशी संबंध नाही, असलं काही बोलून पंगतीचा बेरंग करू नका.

मग प्लॅन निवडा. ए, बी, सी, डी, एफ, जी, के, एल, एम, एन. मेडिकेअरचे ‘पार्ट’ ए, बी, सी, डी निराळे आणि मेडिगॅपचे ‘प्लॅन’ ए, बी, सी, डी निराळे. ज्याला हे सुचलं त्याने पुढे काय केलं असेल, असा विचार मला अधूनमधून छळतो. आधीच्या पिढीतले स्नेही ‘डोळे झाकून एफ घे’ म्हणतील. १ जानेवारी २०२० पासून नव्याने पात्र होणाऱ्यांना एफ मिळतच नाही, तेव्हा त्याच्या शोधात दोन महिने मजेत जातील.

मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनची तऱ्हा वेगळी. बाकी सगळीकडे एका अक्षराच्या प्लॅनचे मूळ फायदे कुठल्याही कंपनीकडे सारखेच असतात. जी म्हणजे जी. फरक हप्त्याचा. म्हणून ज्या कंपनीच्या जाहिरातीतले आजी-आजोबा जास्त हसरे, तिचा घ्या. महागाचं ते चांगलंच असणार! हप्ता ठरवतात कसा, हे मात्र विचारू नका. कुणी सगळ्यांना सारखा लावतो, कुणी घेतेवेळच्या वयावर, तर कुणी वय वाढेल तसा वाढवत नेतो. हा तिसरा प्रकार पासष्टीला बहुधा सगळ्यांत स्वस्त दिसतो. ऐंशीला कसा दिसेल ते ऐंशीला बघू.

नाहीतर मेडिगॅप नकोच. नुसत्या मेडिकेअरवर राहिलात तर पार्ट बीच्या बिलांतला साधारण २० टक्के वाटा तुमचा, आणि त्याला वरची मर्यादा नाही. २० टक्क्यांचं काय एवढं? हॉटेलात टिप तेवढीच देतो आपण. किंवा ‘शून्य हप्ता’वाला अॅडव्हांटेज घ्या. दात, चष्मा आणि जिम मिळेल. डॉक्टर मात्र त्यांच्या यादीतला आणि मोठ्या तपासणीआधी त्यांची परवानगी. नाही पटलं तर परत फिरता येतं. पासष्टीला पहिल्यांदाच घेतला असेल तर १२ महिन्यांच्या आत सहज, नंतर पुन्हा ती गुडघ्यांची विचारपूस.

प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाची सरकारी सल्लासेवा असते. फुकट सल्ला, कमिशन नाही, विकायला काही नाही. अशा माणसांपासून चार हात लांबच राहावं.

आणि भारतवारी? सी, डी, एफ, जी, एम, एन या प्लॅनांत परदेशातल्या इमर्जन्सीची सोय आहे: वर्षाला पहिले २५० डॉलर तुमचे, पुढचे ८० टक्के कंपनीचे, आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. अट एवढीच की इमर्जन्सी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झाली पाहिजे. चार महिन्यांसाठी जात असाल तर आजारपण पहिल्या दोन महिन्यांतच उरकून घ्या. एकसष्टाव्या दिवशी छातीत कळ आलीच, तर तिला परतीच्या तिकिटाची तारीख दाखवा.