यंत्र एकदाच, खर्च मात्र कायमचा
झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र विकत घेतले की झोपेचा प्रश्न सुटला, अशी माझी भाबडी समजूत होती. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो, हे कोणीच सांगितले नव्हते. मास्कची सिलिकॉनची गादी दर महिन्याला, नळी 3 महिन्यांनी, डोक्याचे पट्टे आणि हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी 6 महिन्यांनी बदलावी, हे वेळापत्रक विक्रेता तोंडपाठ म्हणून दाखवतो. चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन खराब होते आणि गळणारी हवा रात्रभर डोळ्यांवर फुंकर मारत राहते, हे मान्य. परंतु नियमित धुतलेली, कुठेही न चिरलेली नळी केवळ तारीख उलटली म्हणून फेकायची, हे कोणते शास्त्र? त्या एवढ्याशा गादीची किंमत ऐकून तर (उपचार झोपेसाठीचा असूनही) माझी झोपच उडते.