चार फुटी टेबल, सहा मॉनिटर

मॉनिटर घेण्याआधी टेबलाचं माप घेऊ नये. माप घेणारा माणूस पुढे काही करत नाही. टेप गुंडाळून ठेवतो आणि लॅपटॉपवरच काम उरकतो. 24 इंची मॉनिटर रुंदीला साधारण 53 सेंटिमीटर भरतो, 27 इंची 60च्या आसपास. पुण्यातल्या भाड्याच्या टू बीएचकेमधलं टेबल चार फुटी, म्हणजे 122 सेंटिमीटर. तीन 27 इंची मॉनिटर त्यावर मावत नाहीत हे शाळेतलं गणित आहे, आणि शाळेतल्या गणिताचा पुढे उपयोग नसतो असं तुम्ही दहावीपासून म्हणत आला आहात. मग आता कशाला माघार? मांडा.

मधला टेबलावर, डावा खिडकीच्या कट्ट्यावर, उजवा चपलांच्या रॅकवर. उंची जुळणार नाही, तर खाली पुस्तकं सारा. इंजिनिअरिंगची ती जाडजूड पुस्तकं आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी मान वर करायला उपयोगी पडतील. तीन मॉनिटर तीन कंपन्यांचे असावेत. एकाचा पांढरा निळसर, दुसऱ्याचा पिवळट, तिसऱ्याचा धुतलेल्या बनियनसारखा. एकच एक्सेल शीट तीन ठिकाणी तीन ऋतूंत दिसली पाहिजे. जमलं तर एक फुल एचडी आणि शेजारी फोर-के घ्या. विंडो एकावरून दुसऱ्यावर ओढताना ती मधेच मोठी होते, मधेच आक्रसते. बाण कडेला जाऊन अडतो, कारण त्या उंचीवर पलीकडे स्क्रीनच नसते. तुम्ही माउस वर-खाली घासत वाट शोधता. बसून काम करणाऱ्याला एवढा तरी व्यायाम हवाच.

हे फारच सोपं वाटत असेल तर डिस्प्ले सेटिंग उघडा. तिथे 1, 2, 3 अशा चौकटी दिसतात. टेबलावर ज्या क्रमाने मॉनिटर आहेत त्याच क्रमाने त्या लावायच्या, हा सल्ला नवशिक्यांसाठी. तुम्ही डावा मॉनिटर सेटिंगमध्ये उजवीकडे ठेवा. बाण उजवीकडे नेला की तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला उगवेल. आठवड्याभरात मेंदूला सवय होते. मग तुम्ही ऑफिसात जाता, तिथे सगळं सरळ असतं, आणि दिवसभर काहीच सापडत नाही. याहून वरची पायरी म्हणजे दोन चौकटी फक्त कोपऱ्याला कोपरा टेकवून ठेवणं. मग या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर जायला एवढासा कोपरा उरतो. मीटिंग चालू असताना, मॅनेजर ‘स्क्रीन शेअर कर ना जरा’ म्हणत असताना, त्या कोपऱ्यातून बाण पलीकडे काढणं ही साधना आहे.

मॅनेजरचा विषय निघालाच आहे तर कॅमेऱ्याचं सांगतो. कॅमेरा लॅपटॉपवर, लॅपटॉप डाव्या टोकाला आणि तुम्ही बघताय उजव्या टोकाला. मीटिंगभर सगळ्यांना तुमचा कान दिसतो. लोक तुम्हाला कानावरून ओळखू लागले की मांडणी जमली.

आता उभ्या मॉनिटरकडे वळू. कोड लिहिणारी मंडळी मॉनिटर 90 अंशांत फिरवतात, जास्त ओळी दिसाव्यात म्हणून. यात चूक काही नाही, आणि म्हणूनच त्यात मजा नाही. मजा आणायची तर जुना, स्वस्त टीएन पॅनेलचा मॉनिटर शोधा. त्याचा वरून-खालून बघायचा कोन वाईट असतो. उभा केला की तोच वाईट कोन डाव्या-उजव्या बाजूला येतो आणि डाव्या डोळ्याला एक छटा दिसते, उजव्या डोळ्याला दुसरी. थ्रीडीचा चष्मा न लावता डोकं दुखवण्याची सोय.

आणि तिरका? त्याची सोय लिनक्सवाल्यांकडे आहे. त्यांच्या एक्सरँडर नावाच्या कमांडला नऊ आकडे दिले की चित्र हव्या त्या अंशात कलतं. मग मॉनिटरही तेवढाच तिरका टांगायचा. एक लांबलचक ओळ कर्णावर मावते, म्हणून मंडळी खूश. चारही कोपऱ्यांत त्रिकोण वाया जातात, पण त्रिकोणात घड्याळ लावता येतं.

हे सगळं करायला यंत्रं कधीच तयार आहेत, मागे आहोत ते आपण. 1987 सालच्या ॲपलच्या मॅकिंटॉश टू या संगणकात सहा कार्डं बसायची आणि सहाही कार्डं पडद्यांची असू शकत. विंडोज 98 तर थेट नऊ मॉनिटरपर्यंत पोचलं होतं. नऊ हा आकडा ऐकून मराठी माणसाच्या डोक्यात काही आलं नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

नवग्रह मांडणी! देवळातले नवग्रह आठवा. मधे सूर्य, भोवती आठ, आणि एकाचंही तोंड दुसऱ्याकडे नाही. दिवाणखान्याच्या मधोमध तसेच नऊ मॉनिटर मांडा. सूर्यस्थानी मेल, कारण सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. मंगळावर सर्व्हरचे लाल इशारे. गुरूवर यूट्यूबचे शिकवणीचे व्हिडिओ, जे सगळे अर्ध्यावर थांबलेले असतात. शुक्रावर काय लावायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, फक्त त्याचं तोंड दाराकडे नको. शनीवर प्रलंबित तिकिटं, म्हणजे ऑफिसात नोंदवलेल्या आणि न सुटलेल्या तक्रारी. ती साडेसात वर्षं तिथेच राहिली तरी कुणाला नवल वाटणार नाही. राहू आणि केतू म्हणजे ‘नो सिग्नल’ अशी पाटी फिरवत बसणारे दोन, ज्यांची केबल कुठली हे आता कुणालाच आठवत नाही. अशा मांडणीत खुर्ची लागत नाही, प्रदक्षिणा घालत काम करायचं. शनीला तेल मात्र वाहू नका. वॉरंटीत बसत नाही.

आई येऊन एकदा सगळं निरखून बघते आणि म्हणते, “अरे, एवढे आहेत तर त्यातला एक बातम्यांना लाव की.” लावू नका. एकदा बातम्या लागल्या की तो मॉनिटर संध्याकाळी मालिकांना जातो आणि परत येत नाही.

भिंतीवर टांगायचे असतील तर मॉनिटरच्या पाठीला चार भोकं असतात, बहुतेकदा 100 मिलिमीटरच्या चौकोनात. भिंत मात्र प्रमाणित नसते. नव्या इमारतींत आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या. ड्रिल आत जातं तेव्हा आपल्या हातात जादू आहे असं वाटतं, आणि गिट्टी तितक्याच सहज बाहेर येते तेव्हा ती जादू कळते. दोन भोकं वाया गेली की तिसरं वायरिंगवर मारायचं. घरमालक डिपॉझिट परत देताना ती भोकं बोट घालून मोजतो, त्यामुळे प्रत्येक भोकावर एक मॉनिटर लटकत ठेवा. टेबलाच्या कडेला आवळून मॉनिटर पेलणारा क्लॅम्पचा आर्म घेतलात तर तो पार्टिकल बोर्डच्या टेबलाला आवळा, कडेचा सनमायका कट्‌ असा आवाज करेपर्यंत. त्या आवाजानंतर अर्धा फेरा अजून.

डोळ्यांचं काय, असं कोणीतरी विचारतंच. डोळ्यांचे डॉक्टर 20-20-20चा नियम सांगतात: दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघा. तुमची खोली दहा बाय अकराची. 20 फुटांवर समोरच्या विंगमधल्या काकूंचं स्वयंपाकघर येतं. दर 20 मिनिटांनी काकूंच्या फोडणीकडे टक लावून बघण्याचे परिणाम सोसायटीच्या सभेत कळतात. तेव्हा खिडकीतच एक मॉनिटर लावून टाका. काकूही दिसत नाहीत आणि उजेडही.

शिवाय डोळ्याची मजल ती केवढी! बारीक अक्षर वाचण्याइतकी तीक्ष्ण नजर मधल्या जेमतेम दोन अंशांत असते. हात लांब करून अंगठा उभा धरा. नखाएवढी ती जागा. बाकी सगळं धूसर, मेंदू आपला अंदाजाने रंगवत असतो. म्हणजे सहा मॉनिटर लावून एका क्षणी वाचता येतं ते नखाएवढंच. पण मॉनिटर वाचायला घेतलेत असं कुणी सांगितलं? पाहुणे चहा घेता घेता दारातून डोकावतात, “अबब, हे सगळं तुझंच का रे?” विचारतात, आणि त्या वेळी सहांपैकी चारांवर डेस्कटॉपचं डोंगराचं चित्र असलं तरी चालतं.

खंडेनवमीला मात्र खर्च वाढतो. झेंडूच्या माळा सहा लागतात. हळदकुंकवाचं बोट नेहमी फ्रेमवर लावावं, पण सासूबाई श्रद्धेने थेट स्क्रीनच्या मधोमध लावतात आणि पुढचा महिनाभर प्रत्येक शीटमध्ये एका रकान्यावर लाल ठिपका राहतो. पुसू नका, मॅट पॅनेलवर तो पसरतो.

लाइट जाण्याचाही विचार करून ठेवा. इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि राउटर असतं. मॉनिटर त्यावर टाकायचं तुमच्या डोक्यात आलेलं नसतं. सहाही एकदम काळे होतात आणि सगळ्या विंडो लॅपटॉपच्या 14 इंचांत धाडकन येऊन पडतात. त्यांतली एक पुढे घ्या, जे करायचं ते करून टाका आणि कुणाला सांगू नका.

खोकी फेकू नका, हे राहिलंच. घर बदलताना लागतात, वॉरंटीला लागतात, थर्माकोलसकट माळ्यावर चढवा. माळा भरला की पलंगाखाली, पलंग भरला की बाल्कनीत. बाल्कनीत दोन खोकी एकावर एक आडवी ठेवली तर त्यांची उंची बसून लिहायला अगदी बरोबर येते. लॅपटॉप तिथे ठेवा. आत जागा आहे कुठे?