भाषणाला टाळ्या, आणि प्रवेशाला परदेशी फी

मी इंग्रजी नाटक शिकवते, आणि 'सर थॉमस मोर'मधला दंगलीचा प्रसंग वर्गात घेतल्याशिवाय मला राहवत नाही. अनेकांनी मिळून लिहिलेल्या या नाटकाचं हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली तीन पानं खुद्द शेक्सपिअरच्या हातची आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रसंग १५१७ च्या लंडनमधला. 'परक्यांना हाकला' म्हणत जमाव रस्त्यावर उतरलाय. तक्रार काय, तर हे लोक कसली कसली कंदमुळं आणतात आणि त्यानं शहरात रोगराई पसरते! नाटकाचा नायक थॉमस मोर जमावाला विचारतो, उद्या राजानं तुम्हालाच हद्दपार केलं तर कुठे जाल? फ्रान्स, फ्लँडर्स, स्पेन, पोर्तुगाल... जाल तिथे परकेच ठराल. पाठीवर पोरं आणि जवळचं किडुकमिडुक घेऊन बंदराकडे पाय ओढत निघालेली माणसं तो त्यांच्या डोळ्यांपुढे उभी करतो. नाटकांना परवानगी देणाऱ्या एडमंड टिलनीनं मात्र समासात शेरा मारला: दंगल पूर्ण गाळा.

आज इंग्लंडमध्ये निर्वासितांसाठीच्या कार्यक्रमांत हे भाषण हमखास वाचलं जातं. वाचावंच. पण ते ऐकायला बसलेल्या, आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागायचा असलेल्या मुलीला तिथल्याच विद्यापीठात शिकायचं असेल तर? बहुतेक ठिकाणी तिला परदेशी विद्यार्थ्याची फी लागते. सरकारी शैक्षणिक कर्ज नाही, नोकरीची परवानगी सहसा नाही, आणि हातात आठवड्याला जेमतेम पन्नास पौंड. निकालाला वर्षंही लागतात. मार्कशीट तर घर सोडताना मागेच राहिलेली!

म्हणूनच, हे नाटक शिकवून झाल्यावर प्रवेश समितीत जाऊन भांडणाऱ्या प्राध्यापकांचं काम मला कुठल्याही शोधनिबंधाइतकंच मोलाचं वाटतं. तिकडे अनेक विद्यापीठांत आता आश्रय मागणाऱ्यांना 'सँक्चुअरी स्कॉलरशिप' मिळते. फी माफ होते, काही ठिकाणी राहण्याखाण्याचा खर्चही मिळतो. जागा मात्र मोजक्याच. कागदपत्रं नसलेल्यांसाठी 'कौन्सिल ऑफ युरोप' या युरोपीय देशांच्या संघटनेनं एक चांगली सोय केली आहे: मुलाखत घेऊन, हाती असेल त्या पुराव्यावर शिक्षण पडताळायचं आणि तसा दाखला द्यायचा. हे सगळीकडे का होऊ नये?

जगभरातल्या निर्वासित तरुणांपैकी उच्चशिक्षणापर्यंत पोचणारे १० टक्क्यांहूनही कमी. २०३० पर्यंत ते १५ टक्क्यांवर न्यायचं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं उद्दिष्ट आहे. नुसत्या सहानुभूतीवर तिथवर पोचता येणार नाही, त्यासाठी फीचे नियम बदलावे लागतील.

आणि आपण? ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुलं व्हिसाच्या चिंतेत होती. घरून पैसे येतील की नाही, याची खात्री नव्हती. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे अशा मुलांना हक्क म्हणून मागता येईल असं फारसं काही नाही. पण फीची सवलत, हप्ते, कागदपत्रांसाठी मुदत यांसाठी कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहावी लागत नाही. माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांनी येत्या प्रवेशाआधी आपापल्या विभागात एवढी मागणी तरी लेखी द्यावी.