‘बाजार लॅबमध्ये बसत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: "कॉलेजच्या पोरांना खोट्या पैशांनी खेळवतात आणि त्याला अर्थशास्त्र म्हणतात, बाजार लॅबमध्ये बसत नाही, गुलटेकडीला मार्केट यार्डात जाऊन बघा." मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवेना.

खोटे पैसे? साफ चूक. तुम्ही जसा निर्णय घ्याल तसे खरे पैसे हातात पडतात, अर्थशास्त्रातल्या आजच्या प्रयोगांचा पायाच तो आहे.

फक्त कॉलेजची पोरं, हेही नाही. ईशान्य भारतातल्या खेड्यांत केलेला प्रयोग २०११ मध्ये छापून आला. एकाने वाटणी सुचवायची, दुसऱ्याने नाकारली तर दोघांनाही शून्य, आणि रक्कम २० रुपयांपासून थेट २०,००० पर्यंत. रक्कम वाढली तसं नाकारणं कमी झालं. म्हणजे थोड्या पैशात माणूस वेगळा वागतो ही शंका बरोबरच, पण ती तपासली कशी, तर प्रयोग करूनच ना!

आता लॅब. चेंबरलिन नावाच्या अर्थतज्ज्ञाने हार्वर्डच्या वर्गात बाजार मांडला, त्यावरचा लेख १९४८ मध्ये छापून आला. जोडीजोडीने घासाघीस, आणि भाव पुस्तकातल्या आकड्यापासून लांब राहिला. पुढे त्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसलेल्या व्हर्नन स्मिथने १९५६ पासून नियम बदलून पाहिले, बोली सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने लावायची आणि तोच बाजार पुन्हापुन्हा भरवायचा, तर भाव काही फेऱ्यांतच मागणी-पुरवठा जुळतात तिथे येऊन बसला. २००२ चं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव आणि उघड लिलावातला भाव, यात फरक का पडतो हे यार्डातल्या माणसाला सांगावं लागत नाही, स्मिथने ते मोजून दाखवलं एवढंच.

मी वर्गात करून बघितलंय. २२ मुलं, निम्मे विकणारे, प्रत्येकाला चिठ्ठी, विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर मालाचा खर्च, घेणाऱ्याच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, दुसऱ्याची बघायची नाही. गणिताने भाव ६० यायला हवा होता. पहिल्या फेरीत कुणी ३५ ला विकलं, कुणी ८० ला घेतलं, नुसता गोंधळ, तिसऱ्या फेरीत सगळे सौदे ५८ ते ६२ मध्ये. एका मुलीच्या चिठ्ठीवर खर्च ७५ होता, शेवटच्या फेरीत तिचा माल विकलाच गेला नाही, तास संपल्यावर हिरमुसून विचारायला आली, "मॅडम, माझं काय चुकलं?" काहीच नाही चुकलं गं, ६० च्या बाजारात ७५ वाल्याने थांबायचंच असतं, आणि ते तुला कुणी न सांगता तू थांबलीस.